बीडचं बीडिंग

आमच्या घरी पाहुणा आला की त्यानं कुठं बसायचं हे आई ठरवते. सोफा पूर्वेच्या भिंतीला लावलेला, पाहुण्याची पाठ भिंतीकडं आणि तोंड टीव्हीकडं. चुकून कुणी समोरच्या खुर्चीकडं वळलं की आई लगेच म्हणते, "तिथं नका बसू, तिथं पंखा लागत न्हाई." पंखा खोलीच्या मधोमध आहे आणि सगळ्यांना सारखाच लागतो. पण पाहुणा बिचारा उठतो, सोफ्यावर जाऊन टेकतो आणि आमचा जीव भांड्यात पडतो.

कारण सोफ्यामागच्या त्या भिंतीला ओल आहे.

हे मी इथं बिनधास्त लिहून राह्यले, पण घरात हे वाक्य उच्चारायची सोय नव्हती. पप्पांची सगळी नोकरी कालव्याच्या खात्यात गेली. जालन्यातल्या या घराचा नकाशा त्यांनी स्वतः काढला, बैठकीला लागून बाथरूम त्यांनीच घेतलं, आणि पाणी कुठून कुठं जातं हे बघण्यासाठी सरकारनं ज्याला पगार दिला त्याच्या घरात पाणी भलतीकडं जाईलच कसं, असा त्यांचा सवाल. त्यामुळं भिंतीवर जे होतं ती ओल नव्हती, ती हवा होती. पावसाळ्यात पोपडे सुटले की दमट हवा, उन्हाळ्यात सुटले की कोरडी हवा. थंडीत सुटले तेव्हा त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हिवाळा या वर्षी वेगळाच आहे."

भिंत झाकायला आम्ही काय काय केलं ते विचारू नका. आधी कॅलेंडर लावलं. ओल जिकडं सरकली तिकडं कॅलेंडर सरकलं, आणि एका वर्षी तर चतुर्थी कधी आहे हे बघायला उकिडवं बसावं लागायचं. मग महाराष्ट्राचा मोठा नकाशा आला. त्याच्या कोकणाला बुरशी धरली. पप्पा म्हणाले, "तिथं पाऊस जास्त असतो."

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण या भिंतीपायी माझा मामा आमच्या घरात पाऊल टाकत नव्हता.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. बीडला त्याची लाकडाची वखार आहे. समोर येईल ती वस्तू बोटाच्या पेरानं ठोकून बघायची त्याला सवय आहे, मग ते लाकूड असो, कलिंगड असो की माझं डोकं असो. आमच्या वास्तुशांतीला तो आला, हातात जेवणाचं ताट, आणि सवयीनं त्यानं ही नवीकोरी भिंत ठोकली. सगळी पंगत बसलेली. तो म्हणाला, "दाजी, बाथरूम या अंगाला घेतलं का? ओल येणार बरं का हिला."

पप्पांच्या हातात वाढायची बुंदी होती. ते म्हणाले, "पाव्हणे, तुम्ही लाकडाचं बघा. पाण्याचं मी बघतो."

मामानं ताट खाली ठेवलं. "बरं. मंग ओल आली की बोलवा," एवढं म्हणून तो जो गेला तो गेलाच.

आता आली का पंचाईत? मामाला घरी बोलवायचं म्हणजे ओल आली असं कबूल करायचं. पप्पा कबूल करीनात, मामा बोलावल्याशिवाय येईना, आणि मधल्यामध्ये माझी आई लटकलेली. बाकीच्यांचे भाऊ भाऊबीजेला पेढ्याचा पुडा घेऊन दारात हजर. माझी आई मात्र दर वर्षी ओवाळणीचं ताट पिशवीत घालून एसटीनं बीडला जायची आणि भावाला त्याच्याच घरी ओवाळून यायची. परत आली की दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही. मला तिचा राग यायचा, पप्पांचा यायचा, मामाचा तर फारच यायचा. एवढे मोठे टोणगे आणि भिंतीवरून भांडतात!

यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, लांबचा प्रवास बिलकुल बंद. आईनं ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "यंदा दादा इथं येईल. माझ्या बैठकीत, माझ्या पाटावर बसंल, आन् मी त्याला ओवाळीन. न्हाई आला तर यंदा ओवाळणी न्हाई. मंग दिवाळी पण न्हाई. करा फराळ तुमचा तुम्ही."

पप्पांचा चेहरा पडला. ओवाळून घेणाऱ्यानं पूर्वेला तोंड करून बसायचं असतं. म्हणजे इतर पाहुण्यांसारखं मामाला भिंतीला पाठ देऊन गप बसवता येणार नव्हतं. तो पाटावर बसला की ती भिंत त्याच्या डोळ्यांसमोर येणार. मी म्हणाले, आतल्या खोलीत ओवाळ की. आई म्हणाली, "भाऊ काय चोरून ओवाळतात का गं?"

वाट दाखवली शेजारच्या भाभींनी. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पिढ्यान्पिढ्या इथंच कापडाच्या धंद्यात. त्यांनी बैठकीच्या भिंतीला लाकडी पॅनलिंग करून घेतलं होतं. भिंतभर प्लाय, त्यावर लाकडी पट्ट्यांच्या चौकटी, चौकटीत चौकटी, वर पॉलिश. आई बघून आली ती गुडघा विसरून तरातरा चालत आली. "तस्संच पायजे."

पप्पा एका पायावर तयार. भिंतही झाकणार आणि ओल कबूलही करायला नको. "शोभेसाठी करू," ते म्हणाले. "आजकाल सगळेच करतात."

मिस्त्री आला. भिंत बघून म्हणाला, "साहेब, आधी या ओलीचं काहीतरी बघा, न्हाईतर लाकूड..."

"कोणती ओल?" पप्पा.

मिस्त्रीनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा पप्पांकडं. "न्हाई, कोणतीच न्हाई," तो म्हणाला आणि टेप काढला.

भराभर लाकडी रीपा ठोकल्या, प्लाय चढली. भिंत गायब झाली! आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. फक्त प्लायच्या कडा उघड्या होत्या, जोड दिसत होते, आणि खाली फरशीपाशी वीतभर भिंत उघडी राहिली होती. मिस्त्री हात झटकत म्हणाला, "आता फक्त बीडिंग राह्यलं. बीडिंग आणा, काम फिनिश."

पप्पांच्या कपाळावर आठी. "कुठलं?"

"बीडिंग हो. बीडिंग पट्टी. त्याच्याशिवाय काम पुरं व्हत न्हाई."

"बीडचीच लागते?"

मिस्त्रीला काही कळेना. तो म्हणाला, "बीडिंगच लागतं साहेब. दुसरं काय लावणार?"

पप्पा माझ्याकडं वळले. "बघितलं? सोलापूरची सोलापुरी चादर, पैठणची पैठणी, तसं बीडचं बीडिंग. म्हणजे शेवटी सासुरवाडीचीच पट्टी माझ्या भिंतीला लावायची! हा तुझ्या आईचा डाव आहे."

मला हसू आवरेना. "पप्पा, अहो ते बीडचं न्हाई, ते इंग्रजी..." एवढं म्हणतेय तोवर माझ्या दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांतून पाणी आलं. मागं आई उभी. मिस्त्री तोंड उघडून राह्यला होता, त्यालाही तिनं तिथंच गाठलं. "मिस्त्री, चहा घ्या. गरम आहे तवर घ्या. बोलू नका."

स्वयंपाकघरात मी तिला म्हणाले, "अगं, बीडिंग म्हणजे कडा झाकायची साधी लाकडी पट्टी, इथल्याच मोंढ्याच्या बाजारात ढीगभर मिळते. भाभींनी तिथूनच आणली."

"मला म्हाईतीय," आई म्हणाली. "तू गप ऱ्हा. ह्यांचं डोकं पहिल्यांदाच कामाच्या दिशेनं चाललंय."

पण पप्पा असे कसे ऐकतील? "स्टील आपलं, बियाणं आपलं, देशभर जातं. आन् साधी पट्टी आपण बीडहून आणायची? जालन्याची काय इज्जत राहील?" असं म्हणून ते स्वतः स्टीलच्या पट्ट्या कापून घेऊन आले. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि लावल्या. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं ते पट्ट्यांवर पडलं, तिथून टीव्हीच्या काचेवर आणि काचेवरून थेट पप्पांच्या डोळ्यांत. बातम्या बघायला ते उन्हाचा चष्मा लावून बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी भाभी लाडू घेऊन आल्या, त्यांना बघून घाबरल्या आणि आईला हळूच विचारलं, "भाईसाहब की आँखों का ऑपरेशन हुआ क्या?" पट्ट्या काढल्या.

मग आणली वायर झाकायची प्लास्टिकची पांढरी पट्टी. ती लावल्यावर भिंत हुबेहूब विजेच्या बोर्डासारखी दिसायला लागली. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस दारातून सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि "मीटर कुठंय काका?" म्हणाला. मी आतल्या खोलीत उशी तोंडात कोंबून हसले. आई मात्र हसली नाही. ती रोज सकाळी पाट पुसायची आणि परत भिंतीला टेकवून ठेवायची. चकल्या करायची वेळ आली तरी तिनं भाजणी काढली नाही. पप्पा दोनदा डबा उघडून बघून आले, तो रिकामाच होता.

दिवाळी तोंडावर आली तशी मिस्त्रीनंही घाई लावली. "साहेब, काय ते सांगून टाका. भाऊबीजेला मला बहिणीकडं आष्टीला जायचंय. ती वाट बघून राह्यली. बीडिंगबिगर हे काम असंच उघडं पडंल."

"आष्टीला दर वर्षी जाता?" पप्पांनी विचारलं.

"मंग! न्हाई गेलो तर रडून गाव गोळा करती."

पप्पा उठले. मग त्यांनी फोन हातात घेतला. नंबर त्यांना पाठ होता, हे मला त्या दिवशी कळलं. स्पीकर बंद कसा करायचा हे मात्र त्यांना अजून येत नाही, त्यामुळं सगळ्या घराला ऐकू आलं.

"हॅलो. मी बोलतोय."

"कोण मी?" पलीकडून मामा.

"जालन्याहून."

"जालना मोठंय."

"दाजी बोलतोय!" पप्पा ओरडले.

पलीकडं वखारीतल्या करवतीचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग मामानं विचारलं, "ओल आली का?"

पप्पा म्हणाले, "ओलीचा काही संबंध नाही. पॅनलिंग केलंय. त्याला बीडिंग पायजे. तुमच्याकडचं."

"आमच्याकडचं म्हंजे?"

"बीडचं! मिस्त्री म्हणतो बीडिंगच लागतं. आता जिथलं आहे तिथूनच मागवावं लागणार ना?"

मामा लाकडात केस पांढरे केलेला माणूस. आता हा हसून हसून फोन आपटणार आणि पुढची वीस वर्षं वाया जाणार, असं मला वाटलं. पण तो खोकला आणि एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाला, "ओरिजनल पायजे का?"

"ओरिजनलच."

"मंग मलाच यावं लागंल दाजी. ओरिजनल बीडिंग दुसऱ्याच्या हाती देता येत न्हाई. भाऊबीजेला घेऊन येतो."

आई ओट्यापाशी भेंडी चिरत होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. "कांदा झोंबला," ती म्हणाली. मग नाक पुसून मला म्हणाली, "भाजणीचं काढ गं." त्या रात्रीपर्यंत आमच्या घरी चकली, शेव, शंकरपाळे, सगळं एकदम झालं.

भाऊबीजेला सकाळी दारात रिक्षा थांबली. दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या हातभर बाहेर आलेल्या, आणि मधे मामा त्या पोटाशी धरून बसलेला. केस पिकलेले, बाकी तोच. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. पप्पा पुढं झाले. "या," म्हणाले. मामा म्हणाला, "आलो." दोघंही पट्ट्यांकडं बघून बोलत होते.

तेवढ्यात रिक्षावाला वैतागून म्हणाला, "काका, एवढं लांब लाकूड रिक्षात नेत असतात का? मोंढ्यापासून इथवर जीव मुठीत धरून आलो. एका म्हशीच्या पोटाला लागली पट्टी. आन् या काकांनी तर सणाच्या दिवशी दुकानदाराला घरून उठवून शटर उघडायला लावलं."

मोंढा म्हणजे आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आष्टीला निघायच्या आधी काम उरकायला थांबलेला मिस्त्री हातोडी चाचपायला लागला. मामा चपला काढण्यात फारच गुंतला, एक चप्पल तर त्यानं दोनदा काढली. पप्पांनी पट्ट्या बघितल्या, मामाला बघितलं, आईला बघितलं. मला दिसलं, त्यांना सगळं कळलं. कान लाल झाले त्यांचे.

मग ते रिक्षावाल्याला म्हणाले, "मोंढ्यातून कशी? बीडहून आली ती. मोंढ्यात चहाला थांबली असंल."

"पट्टी?" रिक्षावाला म्हणाला.

"हां, पट्टी. तुला लाकडातलं काय कळतं? ओरिजनल माल आहे. बघताक्षणी कळतो." आणि त्यांनी स्वतः ती मोळी खांद्यावर घेतली. मागं वळले तशी ती दाराच्या चौकटीला आडवी अडकली. दुसरं टोक मामानं धरलं, आणि दोघं मिळून ती आत घेऊन गेले. मला पप्पांचा इतका लाड आला की काय सांगू!

मिस्त्रीनं पट्ट्या पटापट ठोकल्या. जोड झाकले, कडा झाकल्या, चौकटीत चौकटी उमटल्या. भिंत अशी काही दिसायला लागली की भाभी दारातून बघून "अरे वा, हमसे भी अच्छा!" म्हणाल्या. पण फोन ठेवताना पप्पांनी माप अंदाजानं सांगितलं होतं. शेवटी खालच्या कोपऱ्यात पट्टी कमी पडली. नेमकी तिथंच, जिथं सगळ्यात जास्त "हवा" होती. सोफा कामासाठी बाजूला ओढलेला, त्यामुळं तो वीतभर तुकडा पोपड्यांसकट उघडा. "दिवाळी झाल्यावर लावतो," म्हणून मिस्त्री आष्टीला पळाला.

आईनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मामा पूर्वेला तोंड करून बसला. आणि पप्पा जाऊन त्या कोपऱ्यासमोर उभे राहिले, हात मागं बांधून.

आईनं निरांजन लावलं. "अहो, तिथं काय पहाऱ्याला उभे राह्यलात? इकडं या, फोटो काढायचाय."

"मी इथंच बरा आहे."

"अंधार पडून राह्यला तुमचा."

"पडू दे."

मामा टोपी घालून, हात मांडीवर ठेवून, सरळ पप्पांच्या पोटाकडं बघत बसला. आईनं कुंकवाचं बोट उचललं, आणि तेवढ्यात मागं काहीतरी सुटल्याचा आवाज झाला. टप्प. एक चांगला तळहाताएवढा पोपडा पप्पांच्या उघड्या पावलावर येऊन पडला आणि फुटला.

पप्पांनी खाली बघितलं. पाऊल झटकलं. मग ते हळूच बाजूला झाले. मागचा तो काळपट, फुगलेला, बुरशी धरलेला कोपरा समोर आला आणि ते म्हणाले, "ओल आहे. पहिल्या वर्षापासून आहे. तुम्ही म्हणाला होतात ते बराबर होतं."

एवढी वर्षं मामा हेच ऐकायला थांबला होता. मला वाटलं, आता हा उठतो आणि पेरानं भिंत ठोकतो. पण मामानं मान पुढं काढली, डोळे बारीक केले, कोपऱ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "कुठं? मला तर काही दिसत न्हाई दाजी."

"अहो, ही काय इथं."

"सावली हाय ती."

"ओल आहे म्हणतोय ना मी!"

"न्हाई हो. हवा असंल."

आईनं ताट पाटाशेजारी ठेवलं. वाटलं, रडते की काय. कसली रडते! ती कडाडली, "अरे, माझे गुडघे गेले रे तुमच्या दोघांपायी! हे म्हणायचे ओल न्हाई, हा म्हणायचा ओल येणार. आन् आता हे म्हणतात हाय, हा म्हणतो दिसत न्हाई! त्या दिवशी हेच बोलले असते तर तवाच नळ दुरुस्त करणारा बोलावला असता. सुतार कशाला लागला असता मला? एसटीत बसून ताट घेऊन हिंडले मी, भाऊ असून!" आणि तिनं मामाच्या कपाळावर कुंकू असं दाबून लावलं की त्याची टोपी मागं पडली.

मामानं टोपी उचलली नाही. ओवाळून होईपर्यंत तो हलला नाही, आणि त्याचे डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसलेही नाहीत. आईनं तीनदा ओवाळलं. मग तो पप्पांना म्हणाला, "दाजी, बीडला एक प्लंबर हाय. ओरिजनल."

पप्पा पायावरचा चुना पुसत होते. ते म्हणाले, "मंग बोलवा त्याला. आन् दुसऱ्याच्या हाती पाठवू नका, तुम्हीच घेऊन या."